जीर्णोद्धार आणि जतन : गावभिंतीवरील चित्रांचा प्रश्न

सार्वजनिक भिंतीवरील चित्र हे समाजाच्या मालकीचे असते, आणि ते जुने झाले म्हणजे त्याचे काय करावयाचे हाही निर्णय समाजालाच घ्यावा लागतो. महाराष्ट्रात हा निर्णय बहुधा श्रद्धेने, वर्गणी गोळा करून आणि मोठ्या उत्साहाने घेतला जातो. असे असूनही अनेक जुनी चित्रे नाहीशी झाली ती उपेक्षेमुळे झाली त्याहून अधिक या उत्साहामुळेच झाली, असे म्हणावयास जागा आहे. या विसंगतीचे कारण गावकऱ्यांच्या अज्ञानात शोधण्याची पद्धत आहे. परंतु ते तेवढेच नाही. जुन्या वस्तूला टिकवून धरण्याच्या दोन भिन्न कल्पना मराठी समाजात शतकानुशतके नांदत आल्या आहेत. त्यांना स्वतंत्र नावेही आहेत. घोटाळा होतो तो एका कल्पनेला योग्य असलेले चित्र दुसरीच्या हाती दिल्यामुळे. या दोन कल्पना, त्यांचे शब्द आणि त्यांची क्षेत्रे यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. शब्दांचा पुरावा

‘जीर्णोद्धार’ हा शब्द प्रत्येक मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. जीर्ण झालेल्याचा उद्धार, हा त्याचा सरळ अर्थ. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा स्वतंत्र विधी सांगितलेला आहे. त्यामागची दृष्टी अशी की, देवतेचे अधिष्ठान महत्त्वाचे. देह जीर्ण झाला तर त्या अधिष्ठानाला नवा देह द्यावा. जुनी मूर्ती भंगली तर तिचे विसर्जन होते आणि नवी प्रतिष्ठित होते. येथे सातत्य असते ते देवतेचे व पूजेचे. दगडाचे, चुन्याचे किंवा रंगाचे नव्हे.

याच परंपरेत दुसरा एक शब्द आहे, तो मात्र बोलीतून लुप्त झाला. दख्खनमधील मध्ययुगीन दानलेखांत देवालयाला दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नाचा विनियोग सांगताना ‘खंडस्फुटित’ हे पद वारंवार येते. जे मोडले आहे आणि जे तडकले आहे त्याची डागडुजी, असा त्याचा आशय. बाकीचे जसेच्या तसे ठेवावे, हे त्यात गृहीत आहे. तथापि त्याच सूत्रात पुष्कळदा ‘नवसुधाकर्म’ हे पद लगेच जोडलेले आढळते. ‘सुधा’ म्हणजे चुना. नवसुधाकर्म म्हणजे नव्या चुन्याचा हात. डागडुजी आणि सफेदी यांची ही जोडी पाहिली म्हणजे आजचा प्रश्न किती जुना आहे हे ध्यानात येते. तडा बुजविणारा आणि सगळी भिंत पांढरी करणारा हे एकाच दानाचे लाभार्थी होते.

तिसरा शब्द ‘जतन’. संस्कृत ‘यत्न’ या शब्दापासून तो आला. आद्य यकाराचा जकार आणि जोडाक्षराची फोड हे दोन्ही बदल परिचित आहेत. मूळ अर्थ प्रयत्न, श्रम. मराठीत त्याला सांभाळणे, राखणे हा अर्थ आला. वस्तू बदलू न देता तिच्याभोवती श्रम करीत राहणे म्हणजे जतन. जीर्णोद्धार एकदा होतो, त्याचा समारंभ असतो, त्याची शिला बसते. जतनाला समारंभ नसतो. ते रोजचे असते. गावाच्या कारभारात पहिल्यासाठी वर्गणी जमते आणि दुसऱ्यासाठी जमत नाही, याचे एक कारण या भेदात आहे.

चित्र काढण्याच्या क्रियेसाठीही मराठीत एकच शब्द नाही. ‘चित्रकार’ या शब्दापासून ‘चितारी’ झाला. नागपुरातील चितारओळ आजही त्या नावाने ओळखली जाते. ‘चितारणे’ हे क्रियापद त्याच्याशी संबद्ध आहे. त्याच्या उच्चाराला अगदी जवळ असलेले ‘चिताडणे’ मात्र निंदेचे आहे. वारली समाजात चित्र काढत नाहीत, ‘लिहितात’. हा प्रयोग प्राचीन आहे. ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे. त्यातून रेखाटणे आणि अक्षर लिहिणे हे दोन्ही अर्थ निघाले, आणि संस्कृतात चित्राला ‘आलेख्य’ म्हटले जाते. हे क्रियापद पुढील विवेचनात उपयोगी पडेल, कारण लिहिलेले पुन्हा लिहिता येते. रंगवून गेलेल्याचा हात पुन्हा आणता येत नाही.

२. भिंत कशाने मरते

शब्दांकडून भिंतीकडे वळताना एखादे ठिकाण डोळ्यांसमोर असणे बरे. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, बारामतीहून इंदापूरकडे जाताना अंथुर्णे हे गाव लागते. संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वाटेवर बारामतीनंतर सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा क्रम आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेतला. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि येथे उसाची शेती उभी राहिली. कालव्याने पाणी दिले, तसे सखल काळ्या जमिनीत क्षारही वर आणले. चोपण आणि खारवट जमिनीची तक्रार या पट्ट्याला नवी नाही.

जमिनीत जे घडते तेच भिंतीतही घडते. दगड, माती, वीट व चुना हे सच्छिद्र पदार्थ आहेत. पायथ्याशी ओल असली की पाणी केशाकर्षणाने वर चढते, बरोबर विरघळलेले क्षार आणते, आणि पृष्ठभागाशी येऊन हवेत उडून जाते. क्षार मात्र मागे राहतात व त्यांचे स्फटिक बनतात. मराठीत याला भिंतीला ‘लोणा’ लागणे म्हणतात. ‘लवण’ या शब्दाचाच हा वंशज. स्फटिक वाढताना गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांना आतून फोडतात. भिंतीवर चित्र असेल तर ते अशा रीतीने मागून ढकलले जाते.

चुन्याचा गिलावा हा आघात बराच सोसतो. चुनखडी भाजून कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरवतात, घाण्यात वाळूबरोबर मळतात, आणि भिंतीवर चढल्यावर तो हवेतील कर्बद्विप्राणिल वायू शोषून पुन्हा चुनखडीचे रूप घेतो. या थरातून वाफ ये-जा करू शकते. आता या भिंतीवर तैलरंगाचा हात दिला, तर छिद्रे बंद होतात. पाणी आतच अडते, क्षार रंगाच्या पापुद्र्यामागे साठतात, आणि दोनचार पावसाळ्यांत पोपडे सुटू लागतात. पोपडे सुटले म्हणून भिंत खरवडली जाते. खरवडताना खालचे जुने चित्रही जाते. मग पुन्हा तैलरंग. सिमेंटचा गिलावा चढविला तर परिणाम याच जातीचा होतो, कारण तो चुन्याहून कठीण व घट्ट असतो, शिवाय स्वतःबरोबर काही विद्राव्य क्षार आणतो. ओल त्याला टाळून शेजारच्या जुन्या गिलाव्याकडे वळते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भित्तिचित्राचा पहिला शत्रू पाणी आहे, आणि त्याचा बंदोबस्त चित्रावर होत नसून छपरावर, पन्हळीत, जोत्यात आणि गटारात होतो. हे काम गवंड्याचे आहे, चिताऱ्याचे नव्हे. आणि गावाला ते सहज शक्य आहे. दुर्दैवाने वर्गणीचा पैसा बहुधा रंगाच्या डब्यावर खर्च होतो.

३. तीन प्रकारची चित्रे

भित्तिचित्र हा शब्द एक असला तरी त्याखाली येणारी चित्रे एका जातीची नाहीत. त्यांचे जीवन कशात आहे, हे पाहून त्यांचे निदान तीन वर्ग करता येतात.

पहिल्या वर्गाचे उदाहरण म्हणजे डहाणू-तलासरी भागातील वारली समाजाचा लग्नचौक. झोपडीची कुडाची भिंत शेणामातीने सारवून गेरूने लाल करतात आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बांबूची काडी बुडवून सवाशिणी तीवर चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते; धवलेरी लग्नगीते गाते; चौकावाचून लग्न लागत नाही. हे पीठ टिकाऊ नाही, आणि ते टिकावे अशी अपेक्षाही नाही. पुढच्या सारवणात ते जाते, पुढच्या लग्नात नवे येते. येथे जतन करावयाचे ते पिठाचे कण नव्हेत. लिहिणारा हात, गाणारा कंठ आणि तो विधी. हा चौक काचेमागे ठेवला तर तो राहील, पण चौक म्हणून राहणार नाही. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद व रंग नेले, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची चित्रे जगभर गेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कागदावरील वारली चित्राला संग्रहालयातील जतनाचे नियम लागू पडतात, भिंतीवरील चौकाला पडत नाहीत. एकाच कलेच्या दोन रूपांना दोन न्याय द्यावे लागतात.

दुसरा वर्ग गोवे आणि दक्षिण कोकणातील ‘कावी’ कामाचा. ‘काव’ म्हणजे तांबडी माती. रंगावरून कामाला नाव पडले. शिंपल्यांच्या चुन्यात वाळू आणि गूळ मिसळून तो काही दिवस मुरवितात, कुटून त्याचा गिलावा देतात, त्यावर तांबड्या रंगाचा थर चढवितात, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात. ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ येथे अक्षरशः प्रत्ययास येतो. पेडणे तालुक्यातील मोरजीच्या मोरजाई देवालयाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. या चित्रात रंग आणि गिलावा एकजीव असतात. म्हणून ते दीर्घायुषी असते, पण एकदा गिलावा पडला की चित्रच पडते. कोकणातील अनेक देवळांचा जीर्णोद्धार सिमेंट आणि संगमरवरी फरशीने झाला तेव्हा भिंतीबरोबर ही चित्रे गेली, आणि काम कमी झाल्यामुळे ते करणारे हातही कमी झाले. या वर्गात वस्तू आणि रीत यांपैकी एकाचे जतन करून भागत नाही. जुन्या भिंतीची डागडुजी त्याच चुन्याने करावयाची असेल तर तो चुना मळणारा माणूस हवा. आणि तो माणूस राहावयाचा असेल तर त्याला नवी भिंतही मिळाली पाहिजे.

तिसरा वर्ग मराठेशाहीतील वाड्यांचा व देवळांचा. वाईजवळील मेणवली हे गाव औंधच्या प्रतिनिधींनी १७६८ मध्ये नाना फडणिसांना दिले. तेथे कृष्णाकाठी नानांनी बांधलेल्या वाड्याच्या भिंतींवर पौराणिक प्रसंग चितारलेले आहेत. ही चित्रे सामान्यतः कोरड्या गिलाव्यावर, डिंक किंवा सरस यांसारख्या बंधकात कालविलेल्या रंगांनी काढलेली असतात. बंधक जुना झाला की रंगाची धूळ होऊ लागते; ओला फडका फिरविला तरी रेषा पुसते. ज्या चिताऱ्यांनी ती काढली त्यांची घराणी, त्यांचा आश्रयदाता आणि त्यांची दृष्टी यांपैकी काहीही आज पुन्हा मिळणारे नाही. वारली सवाशीण चौक पुन्हा लिहू शकते, कारण ती त्याच परंपरेत उभी आहे. मेणवलीच्या भिंतीवर आज कोणी नवा रंग भरला, तर ते त्याचे स्वतःचे चित्र होईल आणि जुने त्याखाली गाडले जाईल. या वर्गात जीर्णोद्धाराला जागा नाही. खंडस्फुटित तेवढे सांधावे आणि हात आवरावा.

४. तज्ज्ञांचा उत्साह

हात आवरण्याचा उपदेश केवळ गावकऱ्यांना करणे अन्यायाचे होईल. अजिंठ्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १८१९ मध्ये ही लेणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने तेथील चित्रांच्या तैलरंगातील नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. नंतर जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांपैकीही पुष्कळ १८८५ च्या लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. नकल करण्यासाठी चित्र उजळ दिसावे म्हणून मूळ भिंतीवर व्हार्निश चढविले गेले. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याने १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा भिंतीला धरून ठेवला, ही त्यांची मोठी कामगिरी होय. पण रंग पक्का करण्यासाठी त्यांनी लाखेचा लेप वापरला. लाख कालांतराने पिवळी व काळसर पडली, आणि तो लेप कणाकणाने उतरविण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना अनेक दशके करावे लागले.

व्हार्निश चढविणारा कलाशिक्षक आणि तैलरंग चढविणारा पुजारी यांच्या हेतूत फारसे अंतर नाही. चित्र उठून दिसावे असे दोघांनाही वाटते. या अनुभवातून जे तत्त्व निघाले ते १९६४ च्या व्हेनिस सनदेत आणि विशेषतः भित्तिचित्रांसाठी आयकोमॉस या संस्थेने २००३ मध्ये स्वीकारलेल्या तत्त्वांत नमूद आहे : हस्तक्षेप कमीत कमी असावा, भरलेला भाग एकूण चित्राशी सुसंगत पण जवळून पाहता ओळखू येणारा असावा, आणि वापरलेले द्रव्य शक्यतो पुढे काढून घेता यावे. आपले ज्ञान अपुरे असू शकते, म्हणून पुढच्या पिढीला दुरुस्तीची वाट मोकळी ठेवावी, हा यातील विवेक आहे.

५. गावापुढील निर्णय

आता पुन्हा पालखीच्या वाटेवर यावे. अंथुर्ण्यासारख्या गावातील सार्वजनिक भिंती कोणत्या? देवळाची, चावडीची, शाळेची, ग्रामपंचायतीची. २०००–०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने महाराष्ट्रातील हजारो गावांत भिंतींवर म्हणी, संतांची चित्रे आणि स्वच्छतेचे संदेश आणले. जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘बोलक्या भिंती’ आल्या. ही चित्रे लोकवर्गणीची व गावातल्या किंवा शेजारच्या पेंटरच्या हातची. कायद्याने ती स्मारके नाहीत. १९५८ चा केंद्रीय अधिनियम किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूंचा विचार करतो. १९६० चा राज्याचा अधिनियम आहे. पण दोहोंचे संरक्षण घोषित स्मारकांपुरते. उरलेल्या सर्व भिंतींचे संरक्षक खाते म्हणजे ग्रामसभा.

त्यातच रस्त्याचा प्रश्न आला. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाच्या कामांची पायाभरणी झाली. त्यांपैकी संत तुकाराम महाराज पालखी मार्ग पाटस, बारामती, इंदापूर असा जातो. रस्ता रुंदावला म्हणजे वाटेवरच्या दर्शनी भिंती मागे सरतात. जी भिंत पाडली जाते तिच्यावरील चित्राचा जीर्णोद्धारही करता येत नाही आणि जतनही. त्याची नोंद तेवढी करता येते, तीही भिंत उभी असतानाच.

वारीचे अंतिम ठिकाण असलेल्या पंढरपुरात मात्र एक उलट प्रवाह दिसला. १५ मार्च ते २ जून २०२४ या काळात विठ्ठलाचे पदस्पर्शदर्शन बंद ठेवून मंदिराचे काम झाले. त्यात नवे चढविण्यापेक्षा पूर्वी चढविलेले उतरविण्यावर भर होता, आणि मूळ दगडी रूप पुन्हा दिसू लागले. जीर्णोद्धार या शब्दाला सरावलेल्या भाविकांनी हे मनापासून स्वीकारले. मूळ रूप दाखविणे हीही सेवा होऊ शकते, ही कल्पना लोकमानसाला परकी नाही, याचा हा पुरावा होय.

अलीकडील भिंतींविषयी परदेशातील एक उदाहरण उपयुक्त आहे. अमेरिकेतील सान दिएगो शहरात पुलाच्या खांबांवर मेक्सिकन वंशाच्या वस्तीने १९७३ पासून चित्रे काढली. या चिकानो पार्कमधील चित्रांची डागडुजी २०११ नंतर झाली तेव्हा शक्य तेथे मूळ चित्रकारांनाच बोलाविण्यात आले. चित्रकार हयात आहे तोवर चित्राचा अर्थ आणि हात दोन्ही उपलब्ध असतात. महाराष्ट्रातील गावपेंटर आज साठी-सत्तरीचे आहेत. डिजिटल फलक आल्यावर त्यांपैकी अनेकांचा धंदा बसला. त्यांच्याकडून कोणता रंग वापरला, कोणत्या चित्रावरून ओढला, कोणत्या साली काढला, हे विचारून ठेवण्याचा काळ फार लांबणारा नाही.

तेव्हा एखाद्या गावाने भिंतीसमोर उभे राहून प्रथम एकच प्रश्न विचारावा : या चित्राचे जीवन कशात आहे? ते पुन्हा लिहिण्यात असेल, तर लिहिणाऱ्याला मान व काम द्यावे आणि जुने पुसले गेल्याची खंत करू नये. ते रीतीत व द्रव्यात असेल, तर चुना, वाळू आणि कारागीर यांची तरतूद करावी. ते एका गेलेल्या हाताच्या रेषेत असेल, तर ब्रश हाती घेऊच नये. छपराची गळती थांबवावी, पायथ्याचे पाणी वळवावे, समईची काजळी भिंतीवर जाणार नाही असे पाहावे, साबणाच्या पाण्याने धुणे टाळावे, दरवर्षी त्याच जागेवरून छायाचित्र घेऊन मागील वर्षाच्या छायाचित्राशी ताडून पाहावे, आणि पोपडा सुटताना दिसला तर जाणकार रसायनज्ञाचा सल्ला घ्यावा. लखनौ येथे १९७६ पासून सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे.

विद्यापीठीय अभ्यासकांचाही यात वाटा आहे, आणि तो भाषेच्या अंगाने सुरू होऊ शकतो. गवंडी, चितारी, सारवणारी स्त्री व गावपेंटर यांच्या तोंडी असलेली परिभाषा गावोगाव नोंदवून घेतली पाहिजे. लोणा, गिलावा, घाणा, काव, चौक लिहिणे या शब्दांत द्रव्याचे आणि कृतीचे ज्ञान साठलेले आहे; ते शब्द गेले की ते ज्ञान सांगण्याची सोयही जाते. ‘खंडस्फुटित’ हा शब्द बोलीतून गेला आणि त्याबरोबर तडा तेवढा सांधून थांबण्याची रीतही विस्मरणात गेली. तो शब्द परत येणार नाही; पण त्याचा अर्थ ‘जतन’ या घरगुती शब्दात अद्याप जिवंत आहे, आणि ग्रामसभेत ठराव मांडताना तो कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.